सातशे सेहेचाळीस

माझा धाकटा भाऊ नवनाथ बेंबळीत विजेच्या खांबावर काम करताना गेला. त्या दिवशी मंगळवार होता.

त्याला बरीच वर्षं झाली. परवा येडशीत मोटार रिवायंडिंगच्या दुकानातून वार्निशचा वास आला आणि माझे पाय थांबले. फावल्या वेळात तो जळालेल्या मोटारी भरून द्यायचा, तेव्हा त्याच्या शर्टाला हाच वास असे. वायरमनच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता. परवाना मिळाला की ठेकेदाराची खांबावरची कामं सोडून तो स्वतःचं असंच दुकान टाकणार होता. तिसऱ्या परीक्षेच्या आधी एका दुपारी ओसरीत मी त्याची गणितं तपासत होते. उत्तर ७.६३ अँपिअर हवं होतं, त्याचं ७.६७ आलं होतं.

“एका हॉर्सपॉवरला सातशे सेहेचाळीस वॅट धर. तू परत साडेसातशे धरलेस.”

“शिवारात समदे साडेसातशेच धरतेत, ताई. मोटार काय उठून भांडती व्हय?”

“तपासणारा भांडेल.”

“मग त्यालाच चढव खांबावर.”

तो हसला आणि त्यानं पुन्हा साडेसातशेच लिहिलं. तेव्हा मला तो हट्ट वाटला. आता दिसते ती त्याची भीती. सवयीचा तेवढा एकच आकडा त्याच्या हाताशी होता, तोही मी सोडायला सांगत होते. थोड्या वेळानं त्यानं तो खोडला आणि पेन दाबून सातशे सेहेचाळीस लिहिलं.

“ह्या टायमाला न्हाय निघालो, तर जल्मभर खांबावरच,” तो खाली बघत म्हणाला.

निकाल तो गेल्यावर लागला. नवनाथ पास झाला होता. आईला मी हे अजून सांगितलेलं नाही.