गॅदरिंगमध्ये वाजलेली थाळी

आमच्या शाळेचं गॅदरिंग सकाळी दहाला ठेवलं होतं, कारण पाहुण्यांना पुण्याच्या चांदणी चौकातली गर्दी वाढायच्या आत परत जायचं होतं. आमच्या मुलांच्या आयांची कामावर जायची तीच वेळ. पण पाहुण्यांची सोय पाहायची म्हटल्यावर आयांचा विचार कोण करतो? मीही केला नाही. हे सगळं सांगताना मला राग येतो, आणि त्यातला मोठा वाटा माझ्या स्वतःवरचा आहे, हे आधीच सांगून टाकते.

मुळशीत, रिह्याच्या खोऱ्यात अगदी आतल्या बाजूला आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. वर्ग चौथीपर्यंत, शिक्षक दोन: मुख्याध्यापक सर आणि मी. पटावर गावातली मुलं, फार्महाउसांवर राखणीला असलेल्या बाहेरच्या राज्यांतल्या लोकांची मुलं आणि वरच्या कातकरवाडीतली अकरा मुलं. मी मुळशीचीच. वडिलांनी जमीन विकल्यावर आम्ही बावधनला फ्लॅटमध्ये राहायला गेलो. लहानपणी आमच्या खाचरांचे बांध घालायला कातकरी यायचे. त्यांच्या चहाचे कप आमच्या पडवीच्या बाहेरच्या कोनाड्यात असायचे आणि ते विसळायचेही त्यांनीच. कातकऱ्यांविषयी मी लहानपणी शिकले ते एवढंच. पुढे डी.एड. केलं, त्यात 'परिसरातील ज्ञान', 'स्थानिक संस्कृती' असे धडे आले. कोनाड्यातल्या कपांवर धडा नव्हता.

त्या वर्षी थंडीत वाडीतला एक म्हातारा वारला. त्याची नात माझ्या वर्गात, चौथीत. मुलगी हुशार, हिशोबात पक्की, बोलायला फटकळ. ती आठवडाभर शाळेत आली नाही म्हणून मी वर वाडीत गेले. म्हाताऱ्याची बायको दारात बसली होती. ती फार्महाउसांच्या हिरवळीतलं तण काढायला जायची, त्यामुळे रस्त्यात आमची नेहमी गाठ पडायची. मी तिला मावशी म्हणत असे.

मुलगी म्हणाली, "बाई, परवा कार्य हाय. थाळी वाजणार हाय. या तुमी."

मी गेले. दुपारची वेळ होती. एका पितळी थाळीच्या मध्ये मेण लावून एक काडी उभी केली होती. वाजवणारा बोटं ओली करून त्या काडीवरून वरून खाली ओढायचा आणि थाळीतून भुंग्यासारखा घुमणारा आवाज निघायचा, एकसारखा, न तुटणारा. त्या आवाजावर तो त्यांच्या बोलीत गोष्ट सांगत होता. मला अर्धीमुर्धी कळत होती. सगळे गप्प बसून ऐकत होते.

मी मुलीच्या वडिलांना विचारलं, "थोडं फोनमध्ये घेऊ का?" त्यांनी होकाराची मान हलवली. कशासाठी, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तेव्हा माझ्या मनात तसं काही नव्हतंच.

निघताना मावशी म्हणाली, "बाई, ही थाळी कवा बी वाजवत न्हाईत. मानूस गेला तरच. त्याला त्याच्या वाटंला लावायला."

म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

जानेवारीत एका कंपनीचं पत्र आलं. शाळेला त्यांनी आधी संगणक दिले होते, मुतारीला फरशी बसवून दिली होती. या वर्षी गॅदरिंगचा खर्च ते करणार होते, पण विषय त्यांचा: 'आपली आदिवासी संस्कृती'. सर खूश. मीही खूश झाले, हे कबूल करायला हवं. मला वाटलं, चला, एकदा तरी वाडीतल्या मुलांना पुढे बसायला मिळेल. मी सरांना फोनवरची थाळी ऐकवली. म्हटलं, "सर, खरी संस्कृती ही आहे. नाचगाण्याऐवजी मुलांना हे समजावून सांगू. फक्त हे मयताच्या कार्याचं आहे हं. एरवी वाजवत नाहीत."

"हो हो," सर म्हणाले. "पाठवून ठेवा मला."

आणि मी पाठवलं.

नाच बसवायला कंपनीनं शहरातून एक तरुण मुलगी पाठवली. स्वभावाने गोड, मुलांना चॉकलेटं द्यायची. तिने आठ दिवसांत नाच बसवला. ड्रेपरीच्या दुकानातून नाटकाचे कपडे आले: प्लॅस्टिकच्या पानांचे घागरे, डोक्याला पिसं, गळ्यात पांढऱ्या हाडांच्या माळा, तीही प्लॅस्टिकची. तोंडावर चुन्यासारखे ठिपके काढायचे. पुढच्या रांगेत गावातल्या मुली, कारण त्या तालमीला रोज हजर असायच्या. वाडीतली एकच घेतली, म्हाताऱ्याची नात. नाचाच्या बाई म्हणाल्या, "एक तरी ओरिजिनल हवीच ना, मॅडम."

मी तेव्हा हसले.

गॅदरिंगच्या दिवशी तिच्या कमरेला ती पानं मीच बांधली. ती हाताने चाचपत म्हणाली, "बाई, ही पानं कशाची?"

"प्लॅस्टिकची आहेत."

"आन् आमी कोन झालोय?"

"आदिवासी."

तिने स्वतःकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आमी तर कापडं घालतो."

"नाच आहे गं तो. सरळ उभी राहा, गाठ सुटतेय."

मी एवढंच बोलले. शिकवायला उभी राहणारी बाई मी, आणि माझ्या वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीने विचारलेल्या सगळ्यात बरोबर प्रश्नाला मी हे उत्तर दिलं.

मांडव भरला होता. पुढे सोफ्यावर कंपनीचे पाहुणे, मागे खुर्च्यांवर गावकरी. वाडीतली माणसं कामाचा खाडा करून आली होती, मावशीही. ती सगळी मांडवाच्या बाहेर, भिंतीच्या सावलीत खाली बसली होती. खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यांना कुणी उठवलं नव्हतं आणि कुणी बसाही म्हटलं नव्हतं.

नाच सुरू झाला. आधी ढोल, मग काहीतरी हू-हू असं ओरडणं, त्यावर मुली भाले नाचवत गोल फिरल्या. पाहुणे मोबाइल उंच धरून शूटिंग करत होते. मग ढोल जरा खाली आला आणि त्यातून एक घुमणारा आवाज वर आला.

मी तो पहिल्या क्षणाला ओळखला. माझ्या फोनमधली थाळी होती. तिच्यावर ताल चढवला होता. मागे वाजवणाऱ्याचा आवाजही होता, त्या घरातली गोष्ट सांगणारा, मधेच तोडून पुन्हा पुन्हा तेच चार शब्द. आणि एक मुलगी स्टीलच्या ताटात काडी धरून वाजवायचं नाटक करत होती.

मी भिंतीकडे पाहिलं. वाडीतली सगळी माणसं उठून उभी राहिली होती. मावशी मात्र बसूनच होती. तिने पदर तोंडावर ओढून घेतला होता.

स्टेजवर नात थांबली. बाकीच्या मुली तिला चुकवून फिरत राहिल्या. तिने हातातला भाला खाली ठेवला, नीट, कुणाच्या पायात येणार नाही असा, आणि पायऱ्या उतरून सोफ्यांच्या मधून चालत आजीकडे गेली. एक पाहुणा हसून म्हणाला, "अरे, घाबरली वाटतं."

मी साउंडवाल्याकडे गेले. तो पिरंगुटहून आलेला हिंदी बोलणारा माणूस. "बंद करो," मी म्हटलं. त्याने सरांकडे पाहिलं. सरांनी चालू दे असा हात केला. मग मी बोर्डातली पिनच उपसली.

स्टेजवरच्या मुली जागीच थांबल्या. सरांनी दुसरा माइक मागवून तांत्रिक अडचण जाहीर केली आणि चहापान पुढे घेतलं. वाडीतली माणसं तोवर निघूनही गेली होती. मुलगी त्या पानांसकट गेली.

पाहुणे गेल्यावर ऑफिसात सर मला म्हणाले, "मॅडम, शाळेची लाज घालवलीत तुम्ही."

"मी सांगितलं होतं तुम्हाला, ते मयताचं आहे."

"दोन मिनिटांचा आवाज होता. कुणाला कळलं असतं?"

"ज्यांच्या घरातलं माणूस होतं त्यांना कळलं."

"त्यांना काय कळतंय," सर म्हणाले आणि कपाट लावायला वळले.

वीस वर्षं नोकरी केलेला माणूस. त्याच वाडीतल्या मुलांच्या पटावर ज्याची शाळा टिकून आहे, तो हे बोलतो. मी त्या दिवशी टेबलावर हात आपटला. नोकरीत पहिल्यांदा आवाज चढवला. त्याने काही झालं नाही. दोन दिवसांनी सरांनी लेखी खुलासा मागितला, तो मी तीन ओळींत दिला.

पण त्याआधी, दुसऱ्याच दिवशी सकाळी मी वाडीत गेले. मावशी अंगणात बसली होती. दारात दोरीवर तो पानांचा घागरा वाळत घातला होता. मुलीने धुऊन ठेवला होता, शाळेचा म्हणून.

"माझ्याकडून चूक झाली, मावशी."

"व्हय. झाली."

कुणी 'जाऊ दे' म्हणेल अशी सवय असते आपल्याला. तिने म्हटलं नाही.

"तुला आमी घरात घेतलं," ती म्हणाली. "आमचा म्हातारा वाटंला लागला व्हता. तू त्याला माघारी बोलावलंस. ढोलावर. लोकं टाळ्या वाजवत व्हती."

तिने माझ्या हातातल्या फोनकडे बोट केलं.

"त्या फोनातनं काढ ते."

मी तिच्यासमोर काढलं. मुलीने वाकून पाहिलं, खात्री केली.

"समद्यांच्यातनं निघालं?" मावशीने विचारलं.

निघालं नव्हतं. सरांच्या फोनमध्ये होतं, नाचाच्या बाईंच्या लॅपटॉपमध्ये होतं, आणि आदल्या संध्याकाळीच कंपनीच्या पानावर सगळ्या कार्यक्रमाचा व्हिडिओ चढला होता. खाली लोकांनी अंगठे आणि हृदयं दिली होती. मी पिन काढली तो भाग तेवढा कापलेला.

मी कंपनीला लिहिलं. एका मुलीचा फोन आला. "मॅम, इतका पॉझिटिव्ह रिस्पॉन्स आहे, आम्ही नक्की बघतो." पंधरा दिवस कुणी काही बघितलं नाही. मग मी आणि मुलीचे वडील स्कूटरवरून कंपनीच्या ऑफिसात गेलो. त्यांनी त्या दिवशीची मजुरी सोडली होती. रखवालदाराने मला लगेच आत सोडलं आणि त्यांच्याकडे ओळखपत्र मागितलं. गार काचेच्या खोलीत आम्ही तासभर बसलो. मग एक साहेब आले आणि माझ्याशीच बोलू लागले. मी म्हटलं, "यांच्या वडिलांचं कार्य होतं. यांना विचारा."

साहेब त्यांच्याकडे वळून हिंदीत म्हणाले, "आपका कल्चर बहुत रिच है."

मुलीचे वडील मराठीत म्हणाले, "ते काढून टाका, साहेब."

आठवड्याने काढलं. म्हणजे आवाज काढला. त्या जागी कसलीशी बासरी टाकली. नाच तसाच आहे, पानं, पिसं, भाले, सगळं. नात पायऱ्या उतरते तिथे कॅमेरा पाहुण्यांकडे वळतो. बाकीचं काढायला अजून दोनदा लिहिलं. उत्तर नाही.

मुलगी तीन आठवडे शाळेत आली नाही. मी रोज शाळा सुटल्यावर वर जायचे आणि त्यांच्या दारात बसून तिचा अभ्यास घ्यायचे. पहिले काही दिवस मावशी मला पाहून आत जायची. नंतर जायची थांबली, पण बोलली नाही. वार्षिक परीक्षेला मुलगी आली, वर्गात पहिली आली. आता पाचवीला मोठ्या गावातल्या शाळेत एसटीने जाते. तिच्या आईने मला बजावून सांगितलं, "तिकडच्या बाईला चिठ्ठी दे. नाचाला घ्यायचं न्हाई म्हून." मी चिठ्ठी दिली.

या वर्षी पुन्हा कंपनीचं पत्र आलं. या वेळी त्यांना 'अधिक अस्सल' काहीतरी हवं होतं. सर म्हणाले, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवू. मी म्हटलं, वाडीतला एकही पालक समितीत नाही, आधी ते बघा. मी नियमावर बोट ठेवलं, वरपर्यंत जाईन असं सरांना सांगितलं, तेव्हा मुलीच्या वडिलांना समितीत घेतलं. त्यांचा धाकटा मुलगा आता पहिलीत आहे. ते बैठकीला आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. मी त्यांना उठवून टेबलाशी आणलं.

सरांनी पत्र वाचून दाखवलं. सगळ्यांनी मुलीच्या वडिलांकडे पाहिलं.

ते म्हणाले, "पोरास्नी वाचाय शिकवा. नाचाय आमी शिकवतो."

सरांनी इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं: 'पालकांनी उपयुक्त सूचना केल्या.' मी वही माझ्याकडे ओढली, ती ओळ खोडली आणि त्यांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहिलं. खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. सरांनी सही केली तेव्हा पेन इतकं दाबलं की सही खालच्या पानावर उमटली.