पळणाऱ्यांचा चौक

ती घटना मी विसरलेले नाही आणि तिच्यातला धक्काही अजून ओसरलेला नाही. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाण्याची प्रभारी होते. बाजाराच्या दिवशी मोठ्या चौकात जीपने एका बाईला उडवलं. बाई धारूरकडच्या डोंगरातली, शेळ्या राखणारी. जागीच गेली.

जीपचालक ताब्यात होता. "मॅडम, मला हिरवा होता. बाजूला उसाचा ट्रॅक्टर उभा, त्याच्याआडून बाई दिसलीच न्हाई," एवढंच तो सांगत राहिला. साक्षीदारांचे जबाबही जुळत होते. जीप आली तेव्हा पादचाऱ्यांचा दिवा लाल होता. पंचनाम्यात सिग्नल 'चालू स्थितीत'. म्हणजे चूक मेलेल्या बाईची. कागद तसेच तयार होत होते.

मग तिची मुलगी ठाण्यात आली, धापा टाकत.

"माय लाल दिव्यात उतरली, असं लिहू नका. नवख्या जागी ती बघितल्याबिगर पाऊल टाकत नव्हती."

"बाई, साक्षीदारांनी सांगितलंय."

"तुमी ओलांडलाय का तो रस्ता? वर्दी काढून?"

हवालदार हसला. मला हसू आलं नाही. खाकीसमोर गाड्या आपोआप थांबतात, आम्हाला दिव्याकडे बघावंच लागत नाही. पंचनाम्याच्या वेळी आम्ही सगळे खाकीतच होतो.

दुसऱ्या दिवशी साधी साडी नेसून, हातात भाजीची पिशवी घेऊन गेले. हिरवा लागला, मी निघाले. आजूबाजूचे सगळे पळत सुटले. दप्तरं लावलेली पोरं, बुरख्यातल्या बाया, डोक्यावर पोतं घेतलेला हमालसुद्धा. मी दुभाजकापर्यंत पोचले नाही तोच दिवा लाल. गाड्या सुटल्या.

"ओ मावशी, पळा की! मरायचं हाय का?" कोपऱ्यावरचा केळीवाला ओरडला.

कशीबशी पलीकडे गेले. "कशाला पळायचं? हिरवा होता की."

"नव्या दिसता. तो हिरवा नुसता दावायला हाय. पयले लई टाइम मिळायचा, दिवाळीपासून कमी झालाय. आमाला सवय झाली. त्या दिवशीची बाई बी नवीनच व्हती. हिरवा बघून निघाली. आमी वरडलो, पळ, पळ! तर ती मधीच थांबून आमच्याकडं बघाया लागली."

मी ओळख सांगितली. त्याचा चेहरा उतरला. हवालदाराने जबाब घेतलेल्यांपैकी तो एक होता.

"हे जबाबात का नाही?"

"साहेबांनी इचारलं, गाडी आली तवा दिवा कोनता व्हता. लाल व्हता. ती निघाली तवाचं कुनी इचारलंच न्हाई."

म्हणजे कुणीच खोटं बोललं नव्हतं.

सिग्नलच्या पेटीची चावी देखभालीच्या वायरमनकडे असे. त्याला बोलावलं. आधी म्हणाला, मशीन आहे, बिघडतं. दोन्ही दिव्यांची वेळ मी घड्याळ लावून मोजली होती, मूळ नोंदीशी ताडलीही होती. विचारलं, "बिघडलं असतं, तर पायी चालणाऱ्यांचा गेलेला वेळ बरोबर गाड्यांनाच कसा मिळाला?"

त्याने चहाचा कप खाली ठेवला. "चौकाच्या चढावर उसाचा ट्रॅक्टर थांबला की उचलत न्हाई, मागं येतो. रांग स्टँडापर्यंत जायची. तुमच्याच ठाण्यातून हवालदारांचा निरोप आला, चालणाऱ्यांचा टाइम काढून गाड्यांना द्या. दिला. रांग संपली."

"नंतर तपासलं कुणी?"

"तुमचेच हवालदार. चालत गेले की, आरामात."

"आणि एकही तक्रार आली नाही?"

"न्हाई मॅडम. लोक पळाया लागले ना."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी खुनाचे कबुलीजबाब ऐकले आहेत. असं सुन्न कधी झाले नव्हते. अख्खं गाव आमच्या डोळ्यांसमोर पळत होतं आणि आम्ही समजत होतो, वाहतूक सुरळीत झाली.

जीपचालकावरचा गुन्हा कायम राहिला. रस्त्यात माणूस असेल तर हिरव्यातही गाडी सोडता येत नाही. हवालदार आणि वायरमनची चौकशी लागली. दिव्याची वेळ पूर्ववत झाली, ट्रॅक्टर चढाच्या अलीकडे थांबवायची सोय केली. अहवालात मी लिहिलं, 'मयत महिला हिरव्या दिव्यावर रस्त्यात उतरली होती.' मुलीने ते वाक्य दोनदा वाचलं.

या केसने मला एवढं शिकवलं, की साक्षीदार विचारलं तेवढंच सांगतो आणि वर्दीतून रस्ता कळत नाही.

आता मी निवृत्त आहे. परवा त्याच चौकातून गेले. दिवा हिरवा, वेळ भरपूर. तरी आजूबाजूचे सगळे पळत होते. पलीकडे पोचल्यावर लक्षात आलं, मीही पळतच आले होते.