अंगातलं पाणी

आमचं स्टेशन खानापूरच्या पुढं, लोंढ्याच्या वाटेवर रानात होतं. एक दगडी खोली, लाकडाच्या ओंडक्यांनी भरलेलं आवार आणि दोन क्वार्टर. एका क्वार्टरात स्टेशनमास्तर राहायचे. ते मद्रासकडचे, अबोल. दुसऱ्यात मी आणि माझी बायको. मी तिथं तारबाबू होतो. गाडी आली की घटकाभर माणसांचा आवाज व्हायचा, आणि गाडी गेली की तारेची टिकटिक तेवढी उरायची.

मला या एकांताचं काही वाटत नसे. तिला वाटे. ती बेळगावला लागून असलेल्या शहापूरची, विणकरांच्या घरातली. घरात माग, शेजारी माग, समोर माग. धोट्याचा आवाज थांबला तर सणवार आहे असं समजायचं, अशा गल्लीत ती वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही महिने ती मला विचारायची, "अवो, हितं माणसं कुठं ऱ्हात्यात?"

मूल झालं नाही. पहिलं पोटातच गेलं. त्या वेळी बेळगावच्या डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की हिला लहानपणी सांधे धरून ताप आला असणार, त्यात काळजाची झडप बिघडली आहे. जड काम नको, पुन्हा बाळंतपण नको. मी तिला अर्धंच सांगितलं. उरलेलं तिनं ओळखलं असावं, कारण तिनं कधी विचारलं नाही.

सूज आली ती दोनतीन वर्षांनी, थंडीच्या दिवसांत. आधी संध्याकाळी घोट्यावर यायची आणि सकाळी उतरायची. मग उतरेना. आडवं झालं की तिला दम लागे, म्हणून भिंतीला वळकटी लावून ती बसल्या बसल्या झोपायची. एक दिवस जोडवी बोटात रुतली. साबण लावला, तेल लावलं, निघेनात. लाईनवरच्या मुकादमाला मी कानस घेऊन बोलावलं, तर ती पाय पोटाशी घेऊन बसली.

"जोडवी कापायची न्हाईत. तुमी जित्ते हायसा न्हवं?"

"बोट काळं पडाय लागलंय गं," मी म्हटलं.

शेवटी मुकादमानं संकोचून, पायाकडं लागेल तेवढंच बघत ती कापली. तिनं तुकडे पदरात बांधले. त्याच आठवड्यात मी रजा काढून तिला पॅसेंजरनं बेळगावला नेलं.

डॉक्टर तेच होते, म्हातारे, कानडीत सुरुवात करून मराठीत संपवायची त्यांची बोलण्याची तऱ्हा. त्यांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो तसाच राहिला. मग तिची लघवी काचेच्या नळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर उकळली, वर ॲसिडचे दोन थेंब टाकले आणि नळी खिडकीकडं धरली. किंचित धुरकटलं.

"हे बघा," ते मला म्हणाले, "काळीज दमलंय, म्हणून पाणी अंगात साठलंय. ते काढायचं औषध आहे, पाऱ्याचं इंजेक्शन. पण पाणी बाहेर पडणार मूत्रपिंडातूनच. मूत्रपिंड धड असलं तर औषध काम करतं. नसलं तर त्यालाच इजा करतं. म्हणून दर वेळी आधी अशी लघवी उकळून बघायची. पांढरं साकळलं तर थांबायचं, नाही तर टोचायचं."

इंजेक्शन दिलं. काळजासाठी गोळ्या दिल्या, मीठ बंद केलं, पाणी मोजून प्यायला सांगितलं आणि खुणा केलेली एक मोठी बाटली लघवी मोजायला दिली. त्या दिवशी आम्ही शहापुरात तिच्या माहेरी उतरलो. दुपारपासून तिला जे पाणी सुटलं ते संध्याकाळपर्यंत थांबेना. सासूबाई घाबरल्या. मी मात्र बाटली रिकामी करून आणताना मनात हसत होतो. दुसऱ्या दिवशी तिच्या पायावरचे घोटे दिसू लागले. ती त्यांच्यावरून हात फिरवत म्हणाली, "माजंच पाय हाईत व्हय हे?"

पुढच्या आठवड्यात तपासून दुसरं दिलं. पुन्हा तसंच पाणी गेलं. आम्ही आनंदात स्टेशनवर परतलो, आणि तिथं गोष्ट फिरली. तिच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. तोंडाला कोरड पडली, अन्न बघितलं की मळमळे. उठून उभी राहिली की डोळ्यांपुढं अंधारी. बाटलीत दिवसभरात जेमतेम तळ झाकेल एवढंच येऊ लागलं, तेही गडद. मास्तरांनी माझं काम अंगावर घेतलं आणि मला काही न विचारता मालगाडीच्या गार्डाच्या डब्यात आमच्या दोघांची जागा केली.

डॉक्टरांनी नळी उकळली. या वेळी आत दह्यासारखं पांढरं साकळलं. ते खुर्चीत बसले.

"पाणी फार लवकर उपसलं गेलं," ते म्हणाले. "मूत्रपिंडाला रक्त पुरत नाहीये. आता इंजेक्शन बंद. गोळ्याही कमी करायच्या. तहान लागेल तसं पाणी द्या, दूध द्या, पातळ पेज द्या. आणि वाट बघा."

"पण सूज परत आली तर?"

"येईलच. येऊ दे. थोडी सूज सोसता येते."

हे मला पटायला जड गेलं. ती शहापुरात पडून होती, मी एकदोन दिवसांआड येऊन जाई, आणि दर खेपेला सूज थोडी वर चढलेली असे. एकदा मी डॉक्टरांना हात जोडले, एक तरी इंजेक्शन द्या म्हटलं. ते चिडले नाहीत. मला आत नेऊन त्यांनी तिची त्या दिवसाची नळी दाखवली. पांढरं कमी झालं होतं. "हे साफ होतंय. आत्ता टोचलं तर तुम्हाला दोन दिवस पाय बारीक दिसतील, आणि पुढं काहीच हातात राहणार नाही," ते म्हणाले. बाहेर पडवीत ती पाय पसरून बसली होती. माझं तोंड बघून तिनंच विचारलं, "न्हाय म्हटलं न्हवं? मग न्हाय. चला."

नळी स्वच्छ व्हायला बरेच दिवस गेले. त्यानंतर त्यांनी पहिल्याच्या निम्मं औषध दिलं, आणि तेही जास्त दिवसांच्या अंतरानं. सूज पूर्ण गेली नाही, पण दम गेला. ती माझ्याबरोबर स्टेशनवर परत आली. मी दोघांचं जेवण बिनमिठाचं करायचो. आमटीत लिंबू पिळायचं, लसूण ठेचून घालायचा, तरी घास तोंडात फिरायचा.

आणि मग, सगळं नेटकं चाललेलं असताना, सूज एकाएकी वाढली. लघवी स्वच्छ दिसत होती, गोळ्या चालू होत्या. मला काही उमगेना. अंथरूण उन्हात टाकायला म्हणून वळकटी सोडली तर आतून कापडी पुरचुंडी पडली. सांडगी मिरच्या होत्या, मीठ भरून वाळवलेल्या. तिच्या आईनं गार्डाबरोबर पाठवलेल्या.

मी पुरचुंडी तिच्यापुढं धरली. तीच बोलली. आमच्या भागात बायकाही 'खाल्लो, गेलो'च म्हणतात.

"खाल्लो मी. रोज एक. तुमी त्या खोलीत जाताय, मी ह्या खिडकीत बसून ऱ्हातो. बोलाय कोण न्हाय, तोंडाला चव न्हाय. मिरची खाल्लो की आईच्या सैपाकघरात बसल्यागत वाटतं."

मला रागवायचं होतं. पण मी खिडकीशी गेलो आणि माझी टेबलाची जागा इथून दिसते का ते बघितलं. दिसत होती. म्हणजे ती दिवसभर मला पाठमोरा बघत होती, आणि मी एकदाही वळलेलो नव्हतो.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हिला जगवायचं तर दर आठवड्याला माझ्यासमोर नळी उकळायला हवी. आणि ती माणसांत राहायला हवी. रानात हे दोन्ही होणार नाही." बदलीसाठी मी अर्ज केला, तो नामंजूर झाला. तेव्हा ती शहापूरला राहिली आणि मी स्टेशनवर.

तिला तिथं सोडून परत येताना वाटलं होतं, दोनचार महिन्यांचा प्रश्न आहे. ते वर्षांवर गेलं. माहेरी ती मागाशेजारी बसून चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची, तेवढं तिला झेपायचं. सासूबाईंनी तिच्यासाठी वेगळी चूल मांडली आणि घरातलं खारवलेलं सगळं माळ्यावर चढवलं. डॉक्टरकडं नेऊन आणलं की तिचा भाऊ बेळगाव स्टेशनवर जायचा. तिथला तारबाबू माझा स्नेही होता. लाईन मोकळी असली की तो मला एक शब्द टिपून पाठवायचा: स्वच्छ. मग मी क्वार्टरात जाऊन भात टाकायचो. बोलायला कोणी नव्हतं. कधी मी मोठ्यानं स्वतःशी बोलायचो आणि दचकून गप्प व्हायचो.

सुटीला जायचो तेव्हा आम्ही दोघं परक्यासारखे बसायचो. घरभर माणसं, मागाचा खडखडाट. ती मला तिच्या गल्लीतल्या बातम्या सांगे, मी तिला गाड्यांच्या. "तुमी वाळलायसा," ती म्हणे. मी म्हणे, "तू बरी दिसतीस." ते खरं होतं. दुसरी मोठी लढाई सुरू झाल्यावर विलायतेतून येणारं ते इंजेक्शन मिळेनासं झालं, पण तोवर डॉक्टरांनी मीठ, पाणी आणि गोळ्या यांचं असं गणित बसवलं होतं, की क्वचितच त्याची गरज पडे.

लढाई संपायच्या सुमाराला, एका उन्हाळ्यात, तिचं काळीजच थांबलं. मी सुटीवर तिथंच होतो. ती कांडी भरत होती आणि भरता भरता आईच्या खांद्याला टेकली. डॉक्टर आले, नाडी बघितली आणि जाताना दारात मला म्हणाले, "मूत्रपिंडं शेवटपर्यंत चांगली राहिली." दुसऱ्या कुणाला ते विचित्र वाटलं असतं. मला वाटलं नाही. एवढ्या वर्षांत आमचं दोघांचं बोलणं त्याच एका गोष्टीवर चालत आलं होतं.

दिवस करून मी लगेच कामावर हजर झालो. सासऱ्यांना ते रुचलं नाही. "आप्पा, घरात बसून काय करू?" मी त्यांना म्हटलं. त्यांनी मागाकडं बघितलं; उद्या तेही त्यावर बसणारच होते. मग ते मला बेळगाव स्टेशनपर्यंत पोचवायला चालत आले.