बिनखुणेचा गज

मामंजींनी आमच्या ह्यांच्या पाठीवर बंदुकीचा गज मोडला, तेव्हा मी चुलीपुढं भाकरी थापत होते. गज म्हणजे ठासणीच्या बंदुकीत दारू ठासायचा दांडा. मांडवगण फराट्याच्या आमच्या घरात ती बंदूक होती रानडुकरांसाठी. नदीकाठचा भुईमूग डुकरं उकरून ठेवायची. आदल्या संध्याकाळी दारूला ओल लागली होती म्हणून ह्यांचा बार फुसका गेला, आणि चवताळलेल्या डुकरानं दाव्याला बांधलेल्या बैलाचं पोट फाडलं. आतडी मातीत लोंबत होती तरी बैल उभाच. मामंजींनी त्याच्या गळ्याला मिठी मारली, ती तो पडेपर्यंत सोडली नाही.

सकाळी खळ्यात, गड्यांच्या देखत, ह्यांना धरलं. "दारू वाळवाया काय तुझी बायकू येनार हुती व्हय रं?" म्हणत सपासप गज ओढला. हे दोन लेकरांचे बाप, पण बापावर हात उगारायचा नाही म्हणून मुकाट मार खात उभे. गज मोडला तेव्हा कुठं मामंजी थांबले. दमले म्हणून नव्हे, हातात मारायला काही उरलं नाही म्हणून. मी पिठाच्या हातांनी धावले, तर मलाही ढकलून दिलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्या दिवसापासून बापलेकात अबोला.

मग बोलायचं कुणी? मी! "त्यास्नी म्हनावं, मोट फाटलीया." "त्याला म्हनावं, डोळं फुटलं काय, शिवून घे." दोघंही एकाच ओसरीवर, हातभर अंतरावर, आणि मधे मी. मामंजींच्या शिव्या गाळायच्या, ह्यांचा कडूपणा गाळायचा, आणि उरेल तेवढं पोचवायचं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "बापलेकाचं भांडान, हुईल निवांत." कसलं निवांत न् कसलं काय!

मोडलेल्या गजावर एक खाच होती. रिकाम्या नळीत गज सोडला की ती बरोबर नळीच्या तोंडाशी यायची. आत दारू असली की खाच वर राहायची. बंदूक भरलेली आहे की नाही, हे कळायचा दुसरा मार्गच नव्हता. नवा गज माझ्या भावानं करून आणला. तो दौंडला रेल्वेत फिटर होता. लोखंडी सळई घासून गुळगुळीत केलेली, ठिणगी पडू नये म्हणून टोकाला पितळी टोपण. लांबी मुद्दामच वीतभर जास्त ठेवली होती. तो म्हणाला, "आबा, रिकाम्या नळीत सोडून बघू. कानशीनं खूण करतो आन् जास्तीचा कापून टाकतो."

"इंजिनं पुसनाऱ्यानं मला बंदूक शिकवायची व्हय?" मामंजींनी गज हिसकावला आणि भावाची कानस अंगणाबाहेर भिरकावली. माझा भाऊ पाण्याचा घोट न घेता दौंडला परत गेला. गज तसाच राहिला, लांब आणि बिनखुणेचा.

आता आमच्या घरची एक रीत सांगते. खंडेनवमीला हत्यारं पुजतात, पण आमच्याकडं बंदूक रिकामी पुजायची नाही. बाईची ओटी भरावी तशी आधी दारू भरायची, वर चिंधी ठासायची, मग हळदकुंकू वाहायचं. पूजा झाली की अंगणातच तो बार काढायचा. भरायचं काम दरवर्षी ह्यांचं.

त्या वर्षी मामंजींनी पहाटे उठून स्वतःच भरली. लेकाला सांगायचं तर त्याच्याशी बोलावं लागलं असतं ना! भरून कोपऱ्यात उभी केली आणि आंघोळीला गेले. मग हे उठले, आणि दरवर्षीसारखी ह्यांनीही भरली. गज वर राहिला असेल, पण तो मुळातच लांब, त्याचं काय नवल? एरवी ह्यांनी मला म्हटलं असतं, "अगं, त्यास्नी इचार, कुनी भरली का बंदूक?" पण मी होते कुठं? गोठ्यात! कावळा शिवलेला, आणि पूजेच्या दिवशी माझी सावलीसुद्धा ओसरीवर नको. घरात निरोप पोचवणारी मी एकटी, आणि मलाच शेणामुतात बसवलेली. आग लागो असल्या सोवळ्याला!

पूजा झाली. ह्यांनी बंदुकीला केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, चढवली आणि नळी आभाळाकडं केली. मी गोठ्याच्या दारातून बघत होते, कौतुकानंच. आणि नळी मधनंच फुटली. माझ्या शेजारची गाय दावं तोडून पळाली. धूर विरला तेव्हा हे गुडघ्यांवर बसले होते. ज्या डाव्या हातानं नळी पेलली होती, त्याच्या मनगटापुढं नुसत्या चिंध्या. अंगठा तुळशीपाशी पडलेला. कपाळ फाटून रक्त डोळ्यांत उतरत होतं.

मी धावले. आत्याबाई किंचाळल्या, "शिवू नगंस! पूजा मांडलीया!"

"पूजा गेली खड्ड्यात!" मी त्यांना बाजूला लोटलं, लुगड्याचा काठ फाडला आणि ह्यांचं मनगट करकचून आवळलं. मामंजी फुटक्या नळीकडं बघत होते. "म्या भरली हुती रं," एवढंच पुटपुटत होते. "म्या आधीच भरली हुती."

गड्यानं गाडी जुंपली आणि आम्ही शिरूरच्या वाटेला लागलो. ह्यांचं डोकं माझ्या मांडीवर, मामंजी पायाशी. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ते लेकाशी बोलत होते, ह्यांचे पाय पोटाशी धरून, रडत रडत. "म्या चुकलो रं माझ्या राजा. तुला मारलं ते चुकलं. येकडाव बोल बापासंगं."

हे डोळे उघडे ठेवून त्यांच्या हलणाऱ्या ओठांकडं बघत होते. दोन्ही कानांतून रक्ताची बारीक धार लागली होती. त्या कानांना पुढं कधीच ऐकू आलं नाही. ह्यांनी माझ्याकडं मान वळवली.

"ते काय म्हनत्यात?"

मामंजी माझ्या तोंडाकडं बघायला लागले. "सांग की गं पोरी त्याला. हातानं खुनावून सांग."

मी ह्यांच्या कानातलं रक्त पदरानं टिपलं, आणि काही म्हणत नाहीत, अशी मान हलवली.