उलट्या पोत्यातले उडीद

"कोठचं हाय?" असं विचारल्याशिवाय सत्यभामाबाईने आयुष्यात एक जिन्नस पिशवीत टाकला नाही. मेहकरच्या बाजारात ती दिसली की दुकानदार आधीच हात जोडायचे. लसूण असो, खजूर असो, नाहीतर बिस्किटाचा पुडा. बाई तो उलटा-पालटा करणार, वास घेणार आणि मग डोळे बारीक करून विचारणार. एकदा सफरचंदवाला वैतागून म्हणाला, "बाई, झाडाचं नाव सांगू का झाडवाल्याचं?" त्यावर ही म्हणाली, "दोन्ही सांग. अन पयले हे वरचं चकचकीत काय हाय, ते सांग." त्या दिवसापासून गावात तिचं नावच पडलं, कोठचंवाली बुढी.

हसायला काय जातं लोकांचं? बाई भीतीने विचारायची. आणि ती भीती आजकालची नव्हती, बहात्तरच्या दुष्काळापासूनची होती.

तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि तिचा भाऊ गोपाल चार वर्षांचा. विहिरींनी तळ गाठला होता, घरात दाणा नव्हता. बाहेरदेशातून आलेला तांबडा मिलो, ती जाडीभरडी ज्वारी, लोक खात होते. मायने शेवटचे पायलीभर दाणे दळून भाकरी केल्या. दुपारी गोपालचं तोंड लालबुंद झालं, तो आपलाच खुदुखुदु हसायला लागला आणि हवेतून काहीतरी वेचू लागला, जणू तिथे दोरे लोंबत होते. सगळे हसले. सत्यभामाही हसली, तिने तर टाळ्या वाजवल्या. मग तो "पानी, पानी" करू लागला आणि मायलाच ओळखेना. वैद्याने विचारलं, काय खाल्लं ते दाखवा. दाखवणार काय? दाणान्‌दाणा दळून झाला होता. दिवस मावळायच्या आत गोपाल गेला.

धान्यात धोतऱ्याचं बी आलं असेल, असं कुणीतरी म्हणालं. खरं-खोटं कुणालाच माहीत नव्हतं. पण नऊ वर्षांची ती पोर दुसऱ्या दिवशी नाल्यावर गेली, धोतऱ्याचं काटेरी बोंड दगडाने फोडलं आणि आतलं बी हातावर घेऊन बराच वेळ पाहत बसली. चपटं, काळपट, कानाच्या पाळीसारखं. वाजवलेल्या त्या टाळ्या तिने कधी कुणाला सांगितल्या नाहीत.

अशी ही बाई. आणि गंमत पाहा, वर्षातला एक दिवस असा होता, की त्या दिवशी तिला हा प्रश्न विचारायची बंदी होती.

गावच्या मारुतीचा भंडारा म्हणजे सहाशे पान. रोडगे, वांग्याची भाजी आणि उडदाचं घुटं, म्हणजे घोटलेलं दाट वरण. घरटी शिधा यायचा आणि एकाच ढिगात पडायचा. कुणी पोतं आणो की ओंजळ, पोतं असलं तर ते उलटं करून आणायचं, छापलेली बाजू आत. नाव दिसू नये, दुकान दिसू नये, कुणी मोठेपणा मिरवू नये. देवाच्या दारी कोणाचं काय नि कुठलं काय, हे विचारणाऱ्याची जीभ झडते म्हणायचे. वीस-बावीस वर्षं सत्यभामाबाई त्या चुलाणावरची मुख्य आचारीण होती, आणि तेवढा एक दिवस ती ओठ घट्ट मिटून घ्यायची.

यंदा तिच्या मुलाने, दीपकने, उडदाचं अख्खं पोतं आणलं. लेकीसाठी, तीन वर्षांच्या पुष्पांजलीसाठी नवस बोलला होता. पोतं अर्थातच उलटं. बाईच्या जिभेच्या टोकावर आलं होतं, "कोठचे हायत?" दीपकनेही ते ओळखलं आणि हसून म्हणाला, "माय, आज नाई हं. देवाचं हाय."

ती गप्प बसली. बाप्पा, कशाला गप्प बसली!

सगळ्यांचे उडीद एकत्र झाले, थोडे भाजले गेले आणि गिरणीत भरडून आले. भंडाऱ्याच्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास दोन कढयांत घुटं रटरटत होतं. मंडपात पहिली पंगत बसत होती, पोरंटोरं ताटं वाजवत होती. फोडणीआधी वरून टाकायचा थोडा भरडा राहिला होता, तो बाई चाळत होती. चाळणीत एक काळा दाणा अख्खा उरला. उडीदच असेल म्हणून तिने तो चिमटीत धरला.

उडदाला पांढरा डोळा असतो. या दाण्याला डोळाच नव्हता. चपटा होता, कानाच्या पाळीसारखा.

बाईने तो दाणा बाजूला ठेवला. तिने चाळण पुन्हा हलवली. आणखी एक. मग तिसरा, अर्धा फुटलेला. म्हणजे बाकीचे भरडले गेले होते आणि कढईत शिजत होते. तिने ते तिन्ही दाणे पदराच्या टोकाला गाठ मारून बांधले आणि रिकाम्या पोत्यांच्या गठ्ठ्याकडे गेली. बहुतेक पोती साधी होती, घरच्या मालाची. एकच नवंकोरं होतं. ते कुणाचं, हे तिला शिवणीवरून कळलं, कारण तोंड तिनेच शिवून दिलं होतं.

तिने दीपकला देवळामागे बोलावलं आणि पोतं सुलटं केलं. आतून इंग्रजी आणि हिंदी अक्षरं निघाली.

"वाच."

"माय, लोक पंगतीत बसून राह्यले..."

"वाच म्हनते ना!"

दीपकने वाचलं आणि त्याचा आवाज वाचता वाचता खाली गेला. परदेशातून आणलेला कच्चा माल. यंत्रावर साफ केल्याशिवाय खाण्यासाठी विकू नये.

"खामगावले एका मानसाजवळ मिळाला," तो पुटपुटला. "सस्ता होता. म्या पोतं वाचलंच नाई. आनलं अन लगेच उलटं केलं." मग त्याने आईचा हात धरला. "माय, तीन दाण्यांनं काय होते? गावाचे उडीद किती, माह्ये किती! कोनाले सांगू नको वं. नवसाचं हाय. माही अब्रू जाईन, उद्या मले कोनी दारात उभं करनार नाई."

पोटचं पोर होतं ते. बाईला त्याची दया आली, खरंच आली. कदाचित तो म्हणतो तसंच असेल. सहाशे माणसांत तीन दाणे वाटून जातील, कुणाला ढेकरही वेगळी येणार नाही. आणि नसेल तसं, तर? मंडपात ताटं वाजत होती. त्या आवाजात तिला स्वतःच्या लहानपणच्या टाळ्या ऐकू येऊ लागल्या.

ती मंडपाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. "घुटं वाढू नका!" ती ओरडली. "त्याच्यात धोतऱ्याचं बी हाय. माह्या घरच्या उडदातून आलं. माह्याच घरच्या."

मंडपात एकच गलका उडाला. देवळाचे पंच भगवानराव उठले. भला माणूस, पण रागाला तेज. "अवं बाई, तुह्या डोक्यात भूत हाय! प्रसादाले जहर म्हनते? साऱ्या गावचं अन्न मातीत घालते काय?"

"हाव, घालते," बाई म्हणाली. तिने कढईच्या कडीत लाकूड घातलं आणि जोर लावला. एकटीने कढई हलेना. क्षणभर कुणीच पुढे आलं नाही. मग दीपक आला. मान खाली घालून त्याने दुसऱ्या बाजूने लाकूड उचललं, आणि मायलेकांनी दोन्ही कढया खड्ड्यात उलट्या केल्या. वर माती लोटली.

लोकांनी रोडगे भाजीशी खाल्ले. बायांनी तोंडं फिरवली. "बुढीनं देव बाटवला," कुणीतरी तिला ऐकू जाईल असं बोललं. बाई चुलाणाशी बसून राहिली. भीती अजून उतरली नव्हती. कढया तर गेल्या, मग आता ती कशाची होती, ते तिलाच कळेना.

तेवढ्यात घरून सून आली, पूनम. पुष्पांजली तिच्या कडेवर होती. पूनम हसत होती, इथलं तिला काहीच ठाऊक नव्हतं. "आत्याबाई, पाहा न हिले! सकाळपासून लय रंगात हाय. भिताडाशी बोलून राह्यली, अन घडीघडी पानी मागते."

पोरीचं तोंड लालबुंद होतं. ओठ कोरडे. तिने हात वर केला आणि हवेतून काहीतरी वेचलं.

"काय खाल्लं हिनं?" बाईने विचारलं.

"घुटंच. शिधा देला की मूठभर बरकतीले घरी ठेवतो न आपन? तुमी तोंड शिवायच्या आधीच त्या पोत्यातून दोन मुठी काहाडले होते. पाट्यावर भरडून सकाळी हिच्यापुरतं शिजवलं. नवस हिचाच, म्हनून पयला घास..."

तिचं वाक्य पुरं झालं नाही. बाईने पोर हिसकावून घेतली. अंग तव्यासारखं तापलं होतं. डोळ्यांतली काळी बाहुली इतकी पसरली होती की बुबुळाचा रंगच दिसेना. "पुष्पा, मी कोन वं?" पोर तिच्याकडे पाहून हसली, पण ती तिच्याकडे पाहत नव्हती.

"गोपाल," बाई म्हणाली. कुणाला काही समजलं नाही.

गाडी भगवानरावांनीच काढली. मेहकरपर्यंत त्यांनी ती अशी हाकली की खड्डा पाहिला नाही, गतिरोधक पाहिला नाही. मागे बाई पोरीला छातीशी धरून बसली होती. पोर हवेतले दोरे वेचत होती. बाईने ते दोनदा पाहिलं आणि मग डोळे मिटून घेतले. डोळे मिटले तर टाळ्या ऐकू यायच्या, म्हणून पुन्हा उघडले.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने कपाळाला हात लावला, ताप पाहिला, बॅटरीने डोळे पाहिले. "काय खाल्लं हिने? काही दाखवायला आहे का?"

बाईने पदराची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना. शेवटी तिने ती दातांनी सोडली आणि तीन काळे दाणे टेबलावर ठेवले. डॉक्टर वाकला, त्याने एक दाणा उजेडात धरला.

"धोतरा. तुम्हाला कसं ओळखू आलं?"

"नऊ वर्साची होती तवापासून वळखते."

"हे आणलं म्हणून बरं झालं, आजी. नाहीतर मी मेंदूज्वर समजून दुसरंच करत बसलो असतो." त्याने आत हाक मारली, धावपळ सुरू झाली, पोरीला आत नेलं. जाता जाता तो दाराशी थांबला. "धान्य कुठलं होतं? अजून कुणी खाल्लंय का? दुकान सांगा, मला वर कळवावं लागेल."

दीपकच्या काखेत ते पोतं होतं. कधी उचललं, कोणास ठाऊक. त्याने ते हातात घेतलं, उघडून अक्षरांवर नजर फिरवली. देशाच्या नावाच्या जागी शाई पुसली होती. त्या माणसाने पावती दिली नव्हती, आणि याने मागितली नव्हती. भंडाऱ्याला आलेले सहाशे लोक वाचले होते, पण खामगावात त्या माणसाजवळ अशी पोती अजून किती असतील आणि ती कुणाकुणाच्या घरी गेली असतील?

"कोठचं हाय ते..." दीपक म्हणाला. "म्या इचारलंच नाई, साहेब."

भगवानराव भिंतीशी उभे होते, त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

दिवे लागायच्या वेळी नर्सने तिला आत बोलावलं. पोर पलंगावर पडून होती, हाताला सुई, ओठ अजून सुकलेले. तिचा मोकळा हात वर आला आणि हवेत चाचपडू लागला. पण हात या वेळी हवेत थांबला नाही. तो पुढे येत राहिला, बाईच्या नाकावर आदळला आणि मग खाली येऊन त्याने तिचं बोट घट्ट धरलं.

"आजी," पोर म्हणाली, "पानी."

बाईने पाण्याचा पेला उचलला. तो तोंडाशी नेताना ती एकदम थांबली, नर्सकडे वळली आणि विचारलं, "बाई, हे पानी कोठचं हाय?"

दारात उभा असलेला दीपक हसला नाही. तो आत आला आणि नर्स काय सांगते त्याची वाट पाहत उभा राहिला.