चहा पिऊन या

निकाल लागला आणि पहिला हार माझ्या नवऱ्याच्या गळ्यात पडला. निवडून मी आले होते, गावची नगराध्यक्ष मी झाले होते; पण गुलाल उधळणाऱ्या पोरांनी ह्यांना खांद्यावर घेतलं आणि माझ्या हातात चपला दिल्या सांभाळायला. ह्यांच्याच चपला. राग आला नाही असं म्हणणार नाही. लई आला. पण गुलालाच्या दिवशी फुगलेलं तोंड फोटोत वाईट दिसतं, म्हणून हसले.

पोरांना तरी काय बोलायचं? जागा बाईसाठी राखीव असली की निवडणूक बाईनं लढवायची आणि कारभार नवऱ्यानं बघायचा, हे आमच्याकडं ठरूनच गेलंय. कायद्यात बसत नाही, पण रिवाजात बसतं.

मी मूळची कोर्टातली बाई. माहेर लिंबागणेशचं. लग्नानंतर ह्यांच्या किराणा दुकानामागच्या खोलीत बसून वकिलीची परीक्षा दिली आणि कोर्टाच्या आवारात पत्र्याखाली टेबल टाकलं. सुरुवातीला पक्षकार यायचे, मला बघायचे आणि विचारायचे, वकील कधी येणार? आलेत, बसा, असं मलाच सांगावं लागायचं. हळूहळू वाटणीची कामं आली, पोटगीची आली, बाया यायला लागल्या. पण बाई एकटी कधी येत नसे. दीर, मामा, कुणीतरी बरोबर असायचाच. प्रश्न मी बाईला विचारायचे आणि उत्तर दीर द्यायचा. नवरा मारतो का, हेसुद्धा दीरच सांगायचा, आणि अर्थातच नाही म्हणून सांगायचा. अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मग मी एक युक्ती काढली. कागद बाजूला ठेवायचे आणि गोड आवाजात म्हणायचं, दादा, तुम्ही जरा बाहेर चहा पिऊन या. चहाला आमच्याकडं कुणी नाही म्हणत नाही. दीर समोरच्या हॉटेलात गेला की बाईला वाचा फुटायची.

ते हॉटेल आमच्या दुकानाला लागूनच. बाहेर काढलेले दीर आणि मामे ह्यांच्याजवळ येऊन गाऱ्हाणी करायचे आणि हे जेवताना मला चिडवायचे, आज पण एकाला हाकललंस वाटतं. गावात त्या चहाला ‘वकीलबाईचा चहा’ असं नावच पडलं होतं.

निवडून आल्यावर गर्दी वाढली ती दुकानात. गटार तुंबली, नळ आटला, कुणाला ठेका पाहिजे, सगळे जण तुरीच्या डाळीच्या पोत्यावर बसून ह्यांच्याशी बोलायचे. मित्रांनी ह्यांना कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणून दिला होता. ह्यांना ते सगळं आवडायला लागलं होतं. माझी खरी अडचण तीच होती. माणूस वाईट असता तर सोपं गेलं असतं. पण माझ्या परीक्षेच्या दिवसांत ह्यांनी दुकान बघून लेकरं सांभाळली होती, सासरच्यांची बोलणी खाल्ली होती. अशा माणसाला चारचौघांत उठा म्हणायचं कसं? आणि उठा म्हटलं नाही तर मी जिंकले कशाला? घरी एकदा विषय काढून बघितला. सभेत मी नुसता शेजारी बसतो, बोलत नाही, म्हणाले.

कोर्टाशेजारच्या नगरपालिकेत पहिली सभा भरली. बघते तर माझ्या खुर्चीला लागून आणखी एक खुर्ची, आणि तिच्यात पांढऱ्या शर्टात हे. नगरसेविकांच्या शेजारीही त्यांचे नवरे बसलेले. मुख्याधिकारी साहेब खिडकीबाहेरचा कडुलिंब न्याहाळत होते.

पहिला विषय पाण्याचा होता. खालच्या गल्लीच्या नगरसेविकेला मी विचारलं, तुमच्याकडं नळाला पाणी कसं येतं? उत्तर तिच्या नवऱ्यानं दिलं. व्यवस्थित येतं म्हणाला. गड्यानं जन्मात कधी हंडा उचलला नसेल. ती पदर धरून खाली बघत होती, अगदी माझ्या टेबलासमोर बसणाऱ्या बायांसारखी. तेवढ्यात माझ्या मदतीला धावल्यासारखे हे म्हणाले, चला, विषय मंजूर करून टाका.

मी कागद बाजूला ठेवले.

“अहो,” मी म्हणाले, “तुम्ही जरा बाहेर चहा पिऊन या.”

हे वाक्य तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. दोघाचौघांनी तर तो चहा स्वतः घेतलेला होता. ह्यांचे कान लाल झाले. वाटलं, आता हा माणूस मला आयुष्यभर माफ करणार नाही. हे माझ्याकडं बघत राहिले, आणि मग हळूच त्यांच्या मिशीत हसू आलं. उठले. बाकीच्या नवऱ्यांकडं वळले.

“कशाला बसलाय रे? उठा. वकीलबाईचा चहा हाय, पिल्याबिगर सुटका न्हाई.”

खुर्च्या सरकल्या. कुणी हसत निघालं, कुणी चरफडत. खालच्या गल्लीचा गडी दारात घुटमळायला लागला तेव्हा ह्यांनीच त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला बाहेर नेलं.

दार लागल्यावर मी तोच प्रश्न पुन्हा विचारला. ती उभी राहिली. आधी दाराकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“पाणी येतच न्हाई,” ती म्हणाली. “पाइप टाकले तवापासून थेंब न्हाई. ठेकेदार आमच्या पाहुण्यातला हाय, म्हणून आमच्या घरात कुणी बोलत न्हाई. मी बोलते.”

तिच्यामागून दुसरी उठली, मग तिसरी. कोणत्या गल्लीत पाइप फुटलाय, कुठला व्हॉल्व्ह कोण फिरवतं, बायांना सगळं पाठ होतं. दुपार टळून गेली तरी सभा उठेना. त्या पाइपांची तपासणी करायचा ठराव झाला, एकमतानं. मला त्या दिवशी निवडून आल्यासारखं वाटलं.

पायऱ्या उतरून खाली आले तर समोरच्या त्याच हॉटेलात सगळे नवरे रांगेनं बसलेले. तोच ठेकेदार ह्यांना बाजूला घेऊन काकुळतीनं काही सांगत होता, बाईंच्या कानावर घाला म्हणत होता.

“मला काय सांगतोस?” हे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “मला तर बाहेर काढलंय.”

इतक्या ताठ मानेनं बोलताना मी ह्यांना त्या गुलालाच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं.