रऊफभाईंचं अळणी वरण

रऊफभाईंशी माझं शेवटचं बोलणं मिठावरून झालं. अकोल्याच्या दवाखान्यात ते उशीला टेकून बसले होते आणि समोर ताटलीत पातळ खिचडी होती. रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं. "हे काय खिचडी हाये? बिमार मानसाले जीभ नसते का, मिस्तरी?" असं म्हणत त्यांनी ताटली माझ्याकडे सरकवली आणि मी निर्धास्त झालो. माणूस जेवणाला नावं ठेवतोय म्हणजे ठीक आहे, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. मी खुशाल घरी जायला चांदूर बाजारची गाडी पकडली... सकाळी फोन आला, रऊफभाई गेले. त्यांचा अंदाज चुकलेला मी तेवढा एकदाच पाहिला.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत माझं फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान ओस पडलं आणि मी गुत्त्यावर मुक्काम ठोकला. पुढे व्यसनमुक्ती केंद्रातून सुटलो खरा, पण एकदम घरी जायची छाती नव्हती. अशांसाठी अकोल्यात एक भाड्याचं घर होतं. दारू सोडलेल्यांनी तिथे एकत्र राहायचं, दिवसा कामाला जायचं, पाळीपाळीनं स्वयंपाक करायचा आणि एकमेकांवर लक्ष ठेवायचं. रऊफभाई तिथले सर्वांत जुने. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कामाला होते. बाकीचे बरे होऊन आपापल्या घरी गेले, हे मात्र तिथेच राहिले आणि त्या घराचे कर्ते झाले.

केंद्राचे डॉक्टर अधूनमधून यायचे. कसं वाटतंय, झोप लागते का, इच्छा होते का, असं विचारायचे. आम्ही सगळे एका सुरात "बरं हाये" म्हणायचो. पिणाऱ्याला गोड बोलायची सवयच असते. बायकोशी, मालकाशी, उसने देणाऱ्याशी वर्षानुवर्षं तेच केलेलं. डॉक्टरांनाही ते ठाऊक होतं. म्हणून जाताना ते रऊफभाईंना बाजूला घ्यायचे, आणि रऊफभाई सांगायचे, अमका अजून गोड बोलते, त्याच्यावर ध्यान ठेवा.

त्यांची स्वतःची परीक्षा होती अळणी वरणाची. नवा माणूस आला की एखाद्या गुरुवारी ते मुद्दाम वरणात मीठ घालत नसत. जुन्यांनी तोंड मिटून जेवायचं, हा नियम. नवा माणूस मान खाली घालून ओरपायचा. एकतर जिभेला चव नाही, किंवा आपण कोण बोलणारे, ही लाज. मी तर दोनदा वाढून घेतलं होतं म्हणे, वर छान झालंय म्हणालो. पुढे अशाच एका गुरुवारी मी ताट दूर सारलं आणि हे वरण कोणी केलं म्हणून भांडायला उठलो, तेव्हा या माणसाचा चेहरा पोरगी पसंत पडल्यासारखा फुलला. टवका उडालेली चिनी मातीची मिठाची बरणी त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. "आला, मिस्तरी आला," म्हणाले. मी त्यांच्यावर चिडलो होतो आणि मला रडूही येत होतं.

एकदा मात्र पारडं फिरलं. त्यांच्या मुलीचं लग्न बार्शीटाकळीला होऊन गेलं आणि बापाला आवतण नाही. बाजारात कोणीतरी सहज बोलून गेलं. त्या दिवशी स्वयंपाक माझ्याकडे होता आणि मी खरोखरच मीठ विसरलो. रऊफभाई मुकाट जेवले. "मस्त झालं," म्हणाले, हात धुतला, चपला घातल्या, जरा स्टँडकडून येतो म्हणाले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सगळेच उठलो. पुढे रऊफभाई, मागे आमची वरात. ते थांबले की आम्ही थांबायचो, पानठेल्यावरचे लोक हसायला लागले. गुत्त्याच्या वळणावर ते शेवटी गर्रकन फिरले.

"माया मांगं कावून येऊन राहिले तुमी?"

"भाई, वरणात मीठ नव्हतं," मी म्हणालो.

त्यांचे डोळे भरून आले होते... मग म्हणाले, "मंग खायाच्या आंधी सांगाले काय झालं होतं? चाला घरी. दुसरं टाका." घरी येऊन त्यांनी दुसऱ्या वरणालाही नावं ठेवली. फार बरं वाटलं.

ते गेल्यावर घराचं काय होणार, ही धास्ती आम्हा सगळ्यांनाच होती. दफनविधीनंतर मी तिथेच थांबलो. गुरुवारी स्वयंपाकाला बसलो. बाळापूरचा दिगंबर नवा होता, आल्यापासून प्रत्येक गोष्टीला चांगलं हाये म्हणणारा. मिठाची चिमूट हातात घेऊन मी बराच वेळ बसलो. हे आपलं काम आहे का, कळेना. मग चिमूट परत बरणीत टाकली.

रऊफभाईंची जागा सोडून सगळे बसलो. नियमाप्रमाणे जुने गप्प जेवत होते. त्या दिवशी गप्प राहायला नियमाची गरजही नव्हती. दिगंबरचा हात मध्येच थांबला. त्याने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"भाऊ, मी नवा हावो... पन याच्यात मीठ नाई."

आधी कोण हसलं, आठवत नाही. आम्ही डोळे पुसत हसत होतो आणि दिगंबर बिचारा घाबरून पाहत होता. मी उठलो, रऊफभाईंच्या जागेजवळची बरणी उचलली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. त्याने मीठ घातलं, कालवलं, एक घास खाल्ला आणि म्हणाला, तिखटही कमीच आहे.